हरवलेले विकर आणि परतलेला विषाणू : निफाडच्या एका प्रत्यारोपित रुग्णाचे प्रकरण

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या केसपेपरवर लाल शाईत एक ओळ लिहिलेली होती : ‘हर्पिस, असायक्लोव्हिर निरुपयोगी.’ हर्पिस म्हणजे ओठावर फोड आणणारा विषाणू आणि असायक्लोव्हिर हे त्यावरचे नेहमीचे औषध. ज्या दिवशी ती लिहिली गेली, त्या दिवशी ती अगदी खरी होती. काही महिन्यांनी त्याच ओठावर पुन्हा फोड आले तेव्हाही ती खरी होती का, एवढ्याच प्रश्नाभोवती हे प्रकरण फिरते. रुग्ण म्हणजे कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हे. अशा रुग्णांमध्ये जे घडू शकते ते एका क्रमाने उलगडून दाखवता यावे म्हणून तपशील रचले आहेत. विषाणू, त्याची विकरे (एन्झाइम) आणि औषधे यांच्याबद्दल जे म्हटले आहे, ते मात्र प्रयोगशाळांतून व रुग्णालयांतून तपासले गेलेले आहे.

रुग्ण

निफाड तालुक्यातील ५२ वर्षांचे द्राक्ष बागायतदार. दीर्घकाळच्या मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झाल्यावर पत्नीने दिलेल्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण नाशिक शहरात झाले आणि त्यानंतर टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट व थोड्या मात्रेत प्रेडनिसोलोन अशी प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी तीन औषधे कायमची सुरू झाली. पहिले सहा महिने सायटोमेगॅलोव्हायरस या हर्पिसच्याच कुळातल्या विषाणूपासून बचाव म्हणून व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर दिले जात होते. हे औषध हर्पिस सिम्प्लेक्सलाही आवरते, त्यामुळे त्या काळात ओठांचा काहीच त्रास झाला नाही. ते बंद झाल्यानंतरच्या पहिल्याच एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या दिवसांत भर उन्हात बागेत उभे राहिल्यावर, खालच्या ओठाच्या कडेला फोडांचा पुंजका उठला.

त्यांना यात नवल वाटले नाही. तरुणपणापासून ताप येऊन गेला किंवा ऊन लागले की ओठावर असे फोड येत आणि आठवड्याभरात खपली धरून जात. घरात त्याला ‘उष्णता झाली’ म्हणत आणि सब्जा, गुलकंद यांवर भागत असे. उन्हातील अतिनील किरणांमुळे सुप्त हर्पिस जागा होतो हे वैद्यकालाही मान्य आहे, त्यामुळे घरच्यांचे निदान कारणाच्या बाबतीत फारसे चुकलेले नव्हते. फरक एवढाच की आता प्रतिकारशक्ती दाबलेली होती. असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा सुरू केल्यावर फोड बरे झाले. जूनमध्ये ते पुन्हा आले, ऑगस्टमध्ये पुन्हा आले. दरम्यान रक्तातले क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंड मंदावल्याची खूण, वाढल्याने मात्रा कमी करावी लागली होती, आणि खपली धरली की रुग्ण स्वतःच गोळी थांबवीत. अर्धवट उपचार, पुरेशी नसलेली मात्रा आणि दुबळी प्रतिकारशक्ती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की औषधाला न जुमानणारे विषाणू निवडले जाण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती क्वचितच असते.

सप्टेंबरच्या अखेरीस आलेली जखम भरलीच नाही. ती ओठाची मध्यरेषा ओलांडून हनुवटीवर उतरली, गालाच्या आतल्या बाजूलाही व्रण झाले आणि जेवण जवळजवळ बंद झाले. शेजाऱ्यांनी नागीण असल्याचे सांगून ती उतरवून घेण्याचा सल्ला दिला. नागीण या विषाणूच्या भावकीतल्याच व्हॅरिसेला झोस्टरमुळे होते. पण ती एका चेतेच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला उठते आणि त्याच जागी वारंवार येत नाही. इथे जखम दोन्ही बाजूंना होती आणि एकाच वर्षात चौथ्यांदा आली होती. दहा दिवस पूर्ण मात्रेत गोळ्या देऊनही ती वाढतच राहिल्याने रुग्णाला दाखल करून असायक्लोव्हिर शिरेतून देण्यात आले. तरीही फरक पडला नाही.

या टप्प्यावर औषधाचे नाव बदलून पाहण्याचा मोह होतो आणि तो टाळायला हवा. व्हॅलासायक्लोव्हिर शरीरात गेल्यावर असायक्लोव्हिरच बनते. फॅमसायक्लोव्हिर आणि गॅन्सिक्लोव्हिर यांची रसायने वेगळी असली, तरी हर्पिस सिम्प्लेक्सच्या बाबतीत त्यांना कार्यक्षम होण्यासाठी विषाणूच्या त्याच एका विकराची गरज लागते. ते विकर म्हणजे थायमिडीन कायनेज.

जखमेच्या कडेवरून घेतलेल्या नमुन्यात पीसीआरने हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार १ असल्याचे निश्चित झाले. जिवाणू आणि बुरशी यांच्या तपासण्या नकारात्मक आल्या. मग थायमिडीन कायनेजचा जनुक, म्हणजे यूएल२३, आणि विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजचा, म्हणजे डीएनएची प्रत काढणाऱ्या विकराचा जनुक, यूएल३०, या दोन्हींचा अनुक्रम बाहेरच्या प्रयोगशाळेतून वाचून घेतला. पॉलिमरेजमध्ये काही बदल नव्हता. थायमिडीन कायनेजच्या जनुकात मात्र जिथे सात ग्वानिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) सलग असतात, तिथे आठ होते. एका जादा अक्षराने वाचनाची चौकट सरकली होती, पुढे लवकरच थांबण्याचा संकेत आला होता आणि विकर अपुरे, निरुपयोगी तयार होत होते. या सात ग्वानिनच्या जागी प्रत काढताना विषाणूचे पॉलिमरेज घसरते, एखादे अक्षर वाढते किंवा गळते, आणि असायक्लोव्हिरला प्रतिरोध येण्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कारणांपैकी हे एक आहे. रुग्णांकडून मिळालेल्या प्रतिरोधक विषाणूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांत दोष थायमिडीन कायनेजमध्येच सापडतो.

एक विकर, दोन ठिकाणचे दोन हिशोब

असायक्लोव्हिर स्वतः काहीच करत नाही. ग्वानोसिनसारख्या दिसणाऱ्या या रेणूवर पहिला फॉस्फेट बसवण्याचे काम विषाणूचे थायमिडीन कायनेज करते. मानवी पेशीचे स्वतःचे थायमिडीन कायनेज त्याला जवळजवळ ओळखतच नाही. पुढचे दोन फॉस्फेट पेशीची विकरे बसवतात आणि तयार झालेला ट्रायफॉस्फेट विषाणूच्या डीएनए साखळीत शिरून ती तिथेच खुंटवतो, कारण पुढची कडी जोडण्यासाठी लागणारा हायड्रॉक्सिल गट त्यात नसतो. म्हणूनच हे औषध संसर्ग झालेल्या पेशीत विष आणि शेजारच्या निरोगी पेशीत जवळपास निरुपद्रवी ठरते. ज्या संशोधनपरंपरेतून ते आले, तिच्यासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासह मिळाले.

विषाणूने हे विकर औषधासाठी बाळगलेले नाही, हे उघड आहे. मग ते कशासाठी आहे? सुमारे १५२ हजार बेसजोड्यांच्या जनुकसंचात इतकी जागा विषाणूने ज्यासाठी राखून ठेवली, ती गरज त्वचेत दिसत नाही. ती चेतापेशीत दिसते. विभाजित होणारी पेशी, उदाहरणार्थ ओठाच्या त्वचेच्या खालच्या थरातली, स्वतःच्या डीएनएची प्रत काढण्यासाठी थायमिडीन कायनेज, रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज आणि अशी इतर विकरे तयार ठेवते, त्यामुळे डीएनएचा कच्चा माल तिथे भरपूर असतो. प्रौढ चेतापेशी विभाजित होत नाही. तिला केंद्रकातल्या डीएनएची नवी प्रत काढायचीच नसते, म्हणून ही विकरे तिच्यात नसल्यातच जमा असतात आणि कच्चा मालही अगदी तुटपुंजा असतो. ज्या गावात बाजारच भरत नाही, तिथे मुक्कामाला जाणाऱ्याने शिदोरी बांधून न्यावी, तसे हर्पिसने ही विकरे आपल्या जनुकांत बांधून आणली आहेत. थायमिडीन कायनेज थायमिडीनवर आणि डीऑक्सिसायटिडीनवर फॉस्फेट बसवते, रिडक्टेज आरएनएच्या घटकांपासून डीएनएचे घटक बनवते, आणि डीयूटीपेज व युरॅसिल डीएनए ग्लायकोसिलेज ही जोडी डीएनएत चुकून युरॅसिल हे आरएनएचे अक्षर शिरू देत नाही किंवा शिरलेले काढून टाकते. यांपैकी एखादे विकर काढून टाकलेले विषाणू प्रयोगशाळेत, विभाजित होणाऱ्या पेशींच्या संवर्धनात बरेच चांगले वाढतात; उंदराच्या चेतासंस्थेत मात्र ते लंगडे पडतात.

या तर्काचा पडताळा अनपेक्षित ठिकाणी मिळतो. मेंदूच्या गाठींवर वापरण्यासाठी २०२१ मध्ये जपानने सशर्त मान्यता दिलेल्या हर्पिसच्या बदललेल्या विषाणूत इतर फेरफारांबरोबर रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज निकामी केलेले आहे. गाठीची पेशी विभाजित होत असल्यामुळे त्याला तिथे वाढता येते, शेजारच्या चेतापेशीत येत नाही. आपल्या रुग्णाच्या ओठावर निसर्गतः जे घडले, तसेच काहीसे, वेगळ्या विकराच्या बाबतीत, तिथे हेतुपुरस्सर साधलेले आहे.

आता ओठापासून चेतापेशीपर्यंतचा प्रवास पाहू. विषाणू त्वचेतील संवेदी चेतांच्या टोकांत शिरतो आणि डायनीन या वाहक प्रथिनाच्या साहाय्याने अक्षतंतूतील, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्यातील, सूक्ष्मनलिकांवरून कवटीच्या तळाशी असलेल्या ट्रायजेमिनल गॅन्ग्लिऑन या चेतापेशींच्या पुंजक्यातील पेशीच्या केंद्रकाकडे जातो. तिथे त्याचे जनुकद्रव्य पेशीच्या गुणसूत्रात न मिसळता वर्तुळाकार होऊन, हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेले, बहुतांश जनुके बंद अशा अवस्थेत वर्षानुवर्षे राहते. या शांततेच्या काळात लॅट नावाचा आरएनए सोडल्यास फारसे काही तयार होत नाही. असायक्लोव्हिर केवळ डीएनएची प्रत काढली जात असतानाच काम करते, त्यामुळे गोळ्या कितीही महिने घेतल्या तरी गॅन्ग्लिऑनमधला हा साठा तसाच राहतो.

इतर काही विकरेही इथे आपापली कामे करतात. यूएस३ हे कायनेज संसर्ग झालेल्या पेशीला आत्मनाशापासून परावृत्त करते. यूएल४१ हे पेशीचे संदेशवाहक आरएनए तोडून तिचा बचाव ढिला पाडते. आयसीपी० पेशीतल्या प्रतिबंधक प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण करून त्यांचा नाश घडवते आणि झाकलेली विषाणूची जनुके उघडण्यास हातभार लावते. चेतापेशी मेली तर विषाणूचे घरच जाते, म्हणून हा समतोल महत्त्वाचा आहे. आपल्या प्रकरणाचा निर्णय मात्र यांच्यावर ठरत नाही. तो थायमिडीन कायनेजवर ठरतो.

डोनाल्ड कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरील प्रयोगाचा निष्कर्ष इथे नेमका लागू पडतो. थायमिडीन कायनेज नसलेले विषाणू ट्रायजेमिनल गॅन्ग्लिऑनपर्यंत पोहोचले, तिथे सुप्तावस्थेत गेले, त्यांचे जनुकद्रव्य चेतापेशींत सापडले. पण त्या सुप्तावस्थेतून ते बाहेर पडले नाहीत. म्हणजे मुक्काम करायला हे विकर लागत नाही, मुक्कामाहून निघायला लागते. ओठावर हे विकर गमावण्याचा तोटा थोडा, कारण त्वचेच्या पेशी कच्चा माल पुरवतात, आणि फायदा मोठा, कारण औषधाचा फास सुटतो. चेतापेशीत मात्र औषध असो वा नसो, ते गमावणारा बहुधा अडकून पडतो.

फॉस्कार्नेटचा निर्णय

उरलेला पर्याय होता फॉस्कार्नेट हे दुसरे विषाणूरोधक औषध. त्याला कोणत्याही कायनेजची गरज नसते. ते विषाणूच्या पॉलिमरेजला थेट अडवते. पण ते मूत्रपिंडाला घातक आहे आणि रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे ओठांभोवती मुंग्या, स्नायूंत पेटके आणि क्वचित झटकेही येतात. पत्नीने दिलेल्या एकुलत्या मूत्रपिंडावर हे औषध चालवणे हा निर्णय हलक्या मनाने घेण्यासारखा नव्हता. आधी मायकोफिनोलेटची मात्रा कमी केली; प्रतिकारशक्तीला थोडा वाव मिळाला तर दुबळ्या विषाणूला ती स्वतःच आवरू शकते, हा त्यामागचा विचार. अवयव नाकारला जाण्याचा धोका रुग्णाला पत्नीसमोर बसवूनच समजावून सांगितला. आठवडाभरात जखमेची वाढ थांबली, पण ती भरेना. तेव्हा मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेनुसार मात्रा बेतून, प्रत्येक वेळी आधी सलाइन देऊन फॉस्कार्नेट सुरू झाले. क्रिएटिनीन, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम सतत तपासले जात होते. क्रिएटिनीन मध्यंतरी वाढले, औषध संपल्यावर उतरले, तरी पूर्वीच्या पातळीला आले नाही. जखम भरली. ऑक्टोबरची छाटणी तोवर घरच्यांनी उरकली होती. केसपेपरवरची लाल ओळ याच वेळची.

पुन्हा एप्रिल

पुढच्या खरड छाटणीत खालच्या ओठावर, जवळपास त्याच जागी, पुन्हा फोड उठले. केसपेपर उघडताच लाल ओळ दिसली आणि थेट फॉस्कार्नेट सुरू करावे असे एक मत पुढे आले. ते अविचारी नव्हते. मागच्या वेळची जखम सर्वांनी पाहिली होती. दुसरे मत असे की प्रतिरोध हा त्या वेळी ओठावर वाढत असलेल्या विषाणूचा गुण होता, रुग्णाचा नव्हे. रुग्णाच्या गॅन्ग्लिऑनमध्ये बहुधा लहानपणापासून राहत असलेला मूळ विषाणू असायक्लोव्हिरचे नावही न ऐकलेला, थायमिडीन कायनेज शाबूत असलेला होता; आणि चेतापेशीतून निघून ओठापर्यंत येण्याची क्षमता प्रामुख्याने त्याच्यातच होती. आठ ग्वानिनवाला भाऊबंद गॅन्ग्लिऑनमध्ये गेला असला तरी तिथून परतण्याची त्याची शक्यता बरीच कमी.

रुग्णाच्या पत्नीने विचारले, “डॉक्टरसाहेब, मागच्या वेळी ज्या गोळीनं यांना काडीचा फरक पडला नाही, तीच गोळी परत द्यायची?” प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर द्यायला दोन्ही मते विचारात घेणे भाग होते. ठरले ते असे : नमुना अनुक्रमासाठी पाठवायचा, अहवालाची वाट न पाहता असायक्लोव्हिर मूत्रपिंडाला झेपेल त्या पूर्ण मात्रेत सुरू करायचे, आणि एका आठवड्यात नवे फोड थांबले नाहीत तर फॉस्कार्नेटकडे वळायचे. जखम लहान होती आणि रुग्ण व्यवस्थित खात-पीत होता, म्हणूनच वाट पाहण्याची मुभा होती. डोळ्याला किंवा मेंदूला संसर्ग असता तर हा मार्ग निवडता आला नसता. पाचव्या दिवशी खपली धरली. नंतर आलेल्या अहवालात यूएल२३ मधील ग्वानिन सात होते.

मर्यादा

या निकालावरून प्रतिरोधक विषाणू कधीच परतत नाही असा अर्थ काढला, तर तो पुढच्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. विषाणूच्या पॉलिमरेजमध्ये बदल होऊन प्रतिरोध आला, तर थायमिडीन कायनेज शाबूत राहते आणि असा विषाणू चेतापेशीतून निघू शकतो. काही वेळा थायमिडीन कायनेज हरवत नाही, फक्त त्याची निवड बदलते : थायमिडीनवर फॉस्फेट बसवते, असायक्लोव्हिरवर बसवत नाही. असा विषाणू औषधालाही चुकवतो आणि चेतापेशीतही तग धरतो. आपल्या रुग्णातला आठ ग्वानिनचा बदलदेखील दिसतो तितका निर्णायक नसतो. पेशीचा रायबोसोम, म्हणजे संदेश वाचून प्रथिन बनवणारे यंत्र, वाचताना त्या जागी अधूनमधून स्वतःच घसरतो, चौकट योगायोगाने पुन्हा जुळते आणि अत्यल्प का होईना, पूर्ण विकर तयार होते. १९९४ मध्ये अशाच एका विषाणूत हे दाखवले गेले. चेतापेशीतून बाहेर पडायला कदाचित तेवढेही पुरते. शिवाय एका जखमेत सगळे विषाणू एकसारखे नसतात. काही सात अक्षरांचे, काही आठ अक्षरांचे असे मिश्रण असू शकते आणि दोघे एकाच पेशीत शिरले तर शाबूत असलेल्याचे विकर दुसऱ्यालाही कामी येते. निरोगी माणसांत असायक्लोव्हिर-प्रतिरोध एक टक्क्याहूनही कमी आढळतो. ज्यांची प्रतिकारशक्ती खोलवर दाबलेली आहे, विशेषतः अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर, त्यांच्यात तो बराच जास्त असतो आणि प्रतिरोधक विषाणूच पुन्हा उठल्याची उदाहरणेही आहेत.

पॉलिमरेज आणि थायमिडीन कायनेज या दोघांनाही वगळून विषाणूच्या हेलिकेज-प्रायमेज या, प्रत काढण्यासाठी डीएनए उलगडणाऱ्या, तिसऱ्याच विकरसंचाला अडवणारी औषधे आता आली आहेत. त्यांपैकी अमेनामेव्हिरला जपानमध्ये नागिणीसाठी २०१७ मध्ये मान्यता मिळाली. मूत्रपिंड जपायचे असलेल्या रुग्णात अशा औषधाचे मोल फॉस्कार्नेटच्या शेजारी ठेवून पाहिले की लगेच कळते.

रुग्णाला घरी सोडताना असायक्लोव्हिरची रोजची प्रतिबंधक मात्रा ठरवून दिली, ती खपली धरल्यावरही न थांबवण्याबद्दल पत्नीला बजावले, आणि बागेत जाताना रुंद काठाची टोपी व ओठांना सनस्क्रीन लावायला सांगितले. केसपेपरवरची लाल ओळ खोडली नाही, तिच्यापुढे तारीख घातली, ‘या नमुन्यापुरते, यूएल२३, आठ ग्वानिन’ असे लिहिले आणि खाली दुसरी ओळ जोडली : ‘प्रत्येक वेळी नवा नमुना घ्यावा.’